पाचव्या दिवशी

आमची आई नर्स होती. 'परिचारिका' हा भारदस्त शब्द तिच्या नेमणुकीच्या कागदावर होता, पण तो कागद पेटीच्या तळाशी असे. केळझरात तिला कोणी परिचारिका म्हटले नाही की सिस्टरही म्हटले नाही. म्हाताऱ्या तिला 'नर्सबाई' म्हणत, लेकीसुना नुसते 'बाई' म्हणत, आणि गावातली बरीचशी लहान मुले आमचे ऐकून तिला सरळ 'आई' म्हणत. या तिसऱ्या प्रकाराचा मला लहानपणी फार राग येई. आई ही काही वाटून घेण्याची वस्तू नव्हे, असे माझे ठाम मत होते. आमच्या घरात या मताला कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

नागपूरहून मोटारीने वर्ध्याला निघाले म्हणजे सेलूच्या अलीकडे केळझर लागते. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि चतुर्थीला हल्ली तेथे मोटारींची रीघ लागते. आम्ही १९५८ साली तेथे राहायला गेलो तेव्हा रीघ वगैरे काही नव्हती. काळी जमीन, कापसाची आणि ज्वारीची शेते, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. त्या चिखलात चप्पल एकदा रुतली की ती पुढच्या उन्हाळ्यातच सापडायची, असे आम्ही म्हणत असू. विदर्भ त्या वेळी द्विभाषिक मुंबई राज्यात होता. त्याच्या दोनच वर्षे आधी तो मध्य प्रदेशात होता, आणि पुढे दोन वर्षांनी महाराष्ट्रात आला. आई थट्टेने म्हणे, "मी शिकायला लागले एका राज्यात, नोकरीला लागले दुसऱ्यात आणि कायम झाले तिसऱ्यात. एका जागी बसून एवढा प्रवास कोणी केला असेल?"

तिचे बसणे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

वडील गेले तेव्हा आई पंचवीस वर्षांची होती. मी तीन वर्षांचा आणि ताई सहा वर्षांची. नागपूरच्या महाल भागात आमचे एकत्र कुटुंब होते. वडील शाळेत शिकवत. काविळीचे निमित्त झाले आणि पंधरा दिवसांत सगळे संपले. त्यानंतर आईचे काय करायचे, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर सोडवून टाकला होता. तिने स्वयंपाकघर सांभाळावे, मुलांना दोन घास मिळतील, कपाळ मोकळे झालेल्या बाईला आणखी काय हवे? बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना खरोखरच दुसरे काही सुचत नव्हते.

सुचले ते आईला. ती मराठी सातवी पास होती. सहायक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला आहे, शिकताना थोडे विद्यावेतन मिळते आणि पुढे सरकारी नोकरी लागते, असे तिला कोणाकडून तरी कळले. ही बातमी तिने रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितली आणि पंगतीतली वाटी खाली आपटल्यासारखा आवाज झाला. घरंदाज बाई परक्यांचे मळमूत्र काढणार? रात्री-बेरात्री कोणाच्याही दारात जाणार? जात विचारणार नाही, पात विचारणार नाही? आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "मळमूत्र मी इथेही काढतेच आहे. तिथे त्याचा पगार मिळेल."

नर्सिंगकडे आपल्या समाजाने किती काळ नाक मुरडले, हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही. ज्यांना दुसरे दार उघडे नव्हते अशाच बायका आरंभी या वाटेने गेल्या. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पुढे रमाबाई रानडे यांनी पुण्याचे सेवासदन १९०९ साली उभे केले आणि तेथून बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट करून दिली. त्यांतल्या कित्येकींच्या वाट्याला वैधव्य आले होते. स्वातंत्र्यानंतर खेड्यांसाठी नर्सा हव्यात म्हणून छोटा अभ्यासक्रम निघाला. त्याचा पहिला वर्ग १९५१ साली पंजाबात तरणतारण येथील एका इस्पितळात भरला. १९५२ च्या गांधीजयंतीला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्यामागून खेड्यांत आरोग्यकेंद्रे आली. दिल्लीत ठरलेल्या या योजनांचे एक लहानसे टोक आमच्या महालातल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचले, आणि आईने ते घट्ट धरले.

दोन वर्षे आम्ही भावंडे आजोळी राहिलो. मग आईला केळझर मिळाले, आणि आमचा संसार दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि एक कंदील घेऊन तेथे उतरला.

तिची पिशवी मला आजही डोळे मिटून रिकामी करता येईल. उकळलेल्या कात्र्यांचा डबा, नाळ बांधण्याचा दोरा, स्पिरिटची बाटली, बोरिक कापूस, जांभळे औषध, बाळाच्या डोळ्यांत घालायचे थेंब, साबणाची वडी आणि नखांचा ब्रश. या ब्रशाचे गावात फार हसू झाले. बाळंतीण इकडे ओरडते आहे आणि नर्सबाई तिकडे नखे घासते आहे! पण घड्याळ लावून घासल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे.

या घासण्याला कारण होते. त्या काळी गावात बाळाची नाळ विळ्याने कापत, क्वचित दाढीच्या जुन्या पात्याने. कापल्यावर तिच्यावर राख किंवा शेण लावण्याची रीत होती. बाळ चांगले रडे, दूध पिऊ लागे, घरात आनंद होई. आणि आठवड्याच्या आत एके दिवशी त्याचे तोंडच उघडेनासे होई. जबडा आवळे, अंग ताठ होई, आणि मग सारे संपे. हा धनुर्वात. विळ्यावरून आणि शेणातून त्याचे जंतू नाळेच्या ओल्या जखमेत शिरतात. गावाला हे ठाऊक नव्हते. गावाला ठाऊक होती सटवी.

पाचव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. पाचवीची पूजा मांडतात, पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्रभर दिवा विझू देत नाहीत. बाळे नेमकी त्याच सुमाराला दगावत, तेव्हा सटवीने आयुष्याची रेघ आखूड ओढली, असे म्हणून लोक कपाळाला हात लावत. मला आता वाटते, ही पूजा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भीतीने घातलेली एक गाठ असावी. आयांना दिवस बरोबर कळला होता. कारण तेवढे कळले नव्हते.

आईने सटवीची थट्टा कधी केली नाही. तिने एवढेच केले की पाचव्या दिवशी तीही जाऊ लागली. बाळंतपण पार पडले की तिची खरी हजेरी सुरू होई. दुसऱ्या दिवशी जायचे, तिसऱ्या दिवशी जायचे, आणि पाचव्या दिवशी तर कोणत्याही परिस्थितीत जायचे. नाळ कोरडी आहे का, बाळ अंगावर पिते आहे का, बाळंतिणीला ताप आहे का, हे पाहायचे आणि वहीत लिहायचे. पूजा मांडलेली असली तर ती बाजूला बसून राही, आणि पूजा आटोपली की बाळाचे दुपटे सोडून बेंबी पाही. पुढे बायकाच म्हणू लागल्या, "पाचवीचं सामान आनलं, पन बाई अजून आल्या नाहीत." सटवीच्या जोडीला आमच्या आईची गणना होऊ लागली होती.

"बाळंतपण काय, दाईही करते," ती म्हणे. "कोणीही करते. रडण्याचा आवाज आला की सगळे पेढे वाटायला पळतात. परत जाऊन बघतो कोण? नर्स म्हणजे परत जाणारी बाई." गावातल्या जुन्या सुइणीशीही तिने भांडण मांडले नाही. तिला आपल्याबरोबर नेऊन आधी हात धुवायला लावले, नंतर कात्री उकळायला लावली. दोन-तीन वर्षांनी ती सुईणच दुसऱ्यांच्या अंगावर ओरडू लागली, "नखं घासली काय गं?"

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. आई विधवा होती, आणि खेड्यात त्या काळी विधवेचे तोंड शुभकार्यात कोणाला नको असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या घरी बायकांची गर्दी होई. तिळगुळाची पुडी आमच्या घरी येई, ती ताईच्या हाती. आईला बोलावणे नसे, आणि तिलाही त्याची अपेक्षा नसे. एका घरची सासू तर इतकी कडक होती की गरोदर सुनेला आईसमोर उभी राहू देत नसे. आई त्या दारावरून गेली की आतून दार लोटल्याचा आवाज येई. आई मान खाली घालून पुढे जाई. तिचे पांढरे पातळ हा तिच्या वैधव्याचा वेष की नोकरीचा, हे ओळखण्याची सोय नव्हती. पण लोक सोयीप्रमाणे ओळखत. दिवसा ती विधवा असे आणि रात्री नर्स.

त्याच घरचे बोलावणे एका पावसाळी रात्री आले. दारात बैलबंडी उभी होती आणि तीच सासू डोक्यावर घोंगडे घेऊन थरथरत होती. "बाई, चाला जी लवकर. सुनेले दोन दिसापासून तरास होऊन राह्यला." आईने पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली तेव्हा तिला बोलण्याचेही त्राण नव्हते. मूल पायाळू होते. दोघेही जगले होते.

मुलाचे बारसे झाले. आईला बोलावणे आले आणि ती गेली. पण नेहमीप्रमाणे सोप्यातल्या खांबाशी बसली. ताई आणि मी तिच्याजवळ होतो, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. सुवासिनींच्या ओट्या भरणे चालले होते. ती सासू हातात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन बायकांच्या रांगेतून निघाली आणि थेट खांबाजवळ आली. बोलणे थांबले. आई घाईने म्हणाली, "अहो, मला नका. मला चालत नाही." म्हातारीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "माह्या नातवाले पयल्यांदा कोनाच्या हातानं उचललं? ह्याच हातानं ना? मंग ओटी कोनाची भराची?"

कोणी काही बोलले नाही. आई उठून उभी राहिली. तिने पदर पुढे केला. तो इतका कापत होता की थोडे तांदूळ जमिनीवर सांडले आणि ताईने ते वेचले. त्या रात्री आईने त्या तांदळाचा भात केला आणि आम्हांला वाढला. त्याबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही. खण मात्र तिने शिवला नाही. तो नेमणुकीच्या कागदाशेजारी पेटीच्या तळाशी गेला.

त्यानंतर गावाने विधवांना हळदीकुंकवाला बोलावायला सुरुवात केली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण तसे झाले नाही. रूढी इतक्या सहज मरत नाहीत. बाकीच्या विधवा होत्या तेथेच राहिल्या. फक्त आमच्या आईपुरते दार लोटण्याचे थांबले. मात्र त्या बारशाला आलेल्या बायकांपैकी काही विधवाही होत्या. एका विधवेची ओटी भरल्याने आभाळ कोसळत नाही, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

आमच्या घरी या सगळ्याची किंमत कोण मोजत होते? ताई आणि मी. आई रात्री निघाली की शेजारची आजी आमच्या सोबतीला येऊन झोपे. ती घोरे, आणि मला अंधाराची भीती वाटे. आजारी पडायलासुद्धा आम्हांला सवड नसे; साधा ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवून आई दुसऱ्याच्या तापाकडे जाई. एका दिवाळीला लक्ष्मीपूजनाची तयारी झाली होती. अनारसे ताटात होते, पणत्या लावायच्या बाकी होत्या, आणि दारात बंडी येऊन उभी राहिली. मी आईच्या पदराला धरून भोकाड पसरले. तिने मला हाताला धरून पाटावर बसवले, काड्याची पेटी ताईच्या हाती दिली आणि सांगितले, "पूजा तुम्ही दोघांनी करायची. लक्ष्मी तुमच्याकडे येईल. मी तिकडे दुसऱ्या लक्ष्मीला आणायला जाते." त्या रात्री खरोखरच मुलगी झाली. मुलगी झाल्याबद्दल हिरमुसलेल्या त्या घरात आईने हाच विनोद करून सगळ्यांना हसवले, असे पुढे कळले. आमचे दिवाळीचे अनारसे दुसऱ्या दिवशी पाडव्याला सुरू झाले.

केळझरची माणसे आपल्या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. बकासुर येथेच राहत होता, भीमाने त्याला येथेच मारले, अशी कथा तेथल्या पोरासोरांना पाठ असते. खानदेशातले एरंडोलही हाच मान सांगते, आणि इतर प्रांतांतही या नावाची हक्कदार गावे आहेत. त्या वादात मी पडत नाही. पण देवळाच्या पायऱ्यांवर बसून एक वृद्ध गृहस्थ ही कथा सांगत, तेव्हा त्यांचा सगळा भर भीमाच्या गाडाभर अन्नावर असे, आणि आम्ही मुलेही तेवढ्याचीच वाट पाहत असू. आईला मात्र त्या कथेतली कुंती आवडे.

ही कथा आठवून पाहा. पती गेलेली कुंती मुलांना घेऊन परक्या गावात, परक्या ब्राह्मणाच्या घरी राहिलेली. बकासुराकडे माणूस पाठवण्याची पाळी त्या घरावर येते. आत रडारड ऐकू येते. कुंतीला गप्प राहता आले असते. पाळी तिची नव्हती. ती उठते आणि म्हणते की, तुमच्या घरातले कोणी जायला नको, माझ्या पाच मुलांपैकी एक जाईल. आई म्हणे, "भीमाला आपली ताकद ठाऊक होती, त्याला भीती कसली? जीव घट्ट करावा लागला तो कुंतीला." आम्ही तेव्हा हसत असू. दुसऱ्याच्या घरातले रडणे ऐकून आपल्या ताटातला वाटा उचलून देणारी बाई आमच्या समोरच बसलेली आहे, हे ध्यानात यायला आम्हांला फार वर्षे लागली.

अवघड बाळंतिणीला घेऊन आईला कधी कधी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जावे लागे. डॉ. सुशीला नायर यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले हे रुग्णालय पुढे फार वाढले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथे वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. एकदा सुटीत आई आम्हांला आश्रम दाखवायला घेऊन गेली. तेथे परचुरे शास्त्र्यांची कुटी आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. महारोग झाल्यावर ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. हे सांगणारे गृहस्थ भारावून बोलत होते. आईने मध्येच विचारले, "रोज करत होते का?" रोज, नेमाने करत, असे उत्तर आले, तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. बाहेर आल्यावर ती आम्हांला म्हणाली, "एक दिवस कोणीही करील. फोटोसाठीही करील. दुसऱ्या दिवशी परत गेले, म्हणून ते महात्मा."

आईच्या नोकरीतला सर्वांत वाईट काळ आणीबाणीतला. १९७६ साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे ठरवून दिले जाऊ लागले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्याच्या रूपाने अमलात आले नाही. आई स्वतः लहान कुटुंबाची मोठी पुरस्कर्ती होती. सहाव्या-सातव्या बाळंतपणाने खंगलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या, आणि कितीतरी जणींना तिने समजावून शस्त्रक्रियेला नेले होते. पण आकडा भरण्यासाठी यादीत वाटेल ती नावे घालावीत, रेशनची आणि कर्जाची धमकी द्यावी, हे तिला जमेना. वरच्या एका साहेबांनी दम दिला, दोन महिने पगार अडला. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. मी तिला म्हटले, "आई, सगळेच लिहितात. चार नावे लिहून टाक." ती म्हणाली, "अरे, ज्या दारात मला परत जायचे आहे, त्या दारात मी खोटे कसे बोलू? उद्या हीच बाई पोटातल्या बाळासाठी मला हाक मारणार नाही." तिने खरी होती तेवढीच नावे पाठवली. पगार पुढे मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, खेड्यापाड्यांत पांढरे पातळ दिसले की बायका शेतात पळून जात होत्या त्या दिवसांतही, केळझरात तिच्यासाठी दारे उघडी राहिली.

सेवानिवृत्ती १९८८ साली झाली. मी तिला पुण्याला आणले. तिला पुणे आवडले नाही, असे नाही. पण येथे कोणी रात्री दार वाजवत नाही, ही तिची तक्रार असे. आमच्या इमारतीत कोणाला मूल झाले की ती पाचव्या दिवशी जिना चढून जाई. प्रसूतिगृहातून नुकत्याच घरी आलेल्या त्या शिकलेल्या मुलींना आरंभी हे चमत्कारिक वाटे. नंतर त्याच मुली पायऱ्यांवर तिची पावले ऐकू येण्याची वाट पाहत. २०११ च्या श्रावणात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, आई गेली.

तिच्यामागे जगात पुष्कळ बदल झाला. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. गरोदर बायकांना धनुर्वाताच्या सुया सर्रास मिळू लागल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ साली, बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात भारतातून हटला, असे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. वर्तमानपत्रात ती बातमी चार ओळींची होती. मी ती मोठ्याने वाचली. ऐकायला घरात कोणी नव्हते.

आणखी एक बातमी सांगतो. ८ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे ९० वर्षांच्या एका आजीबाईंना करोनाची लस टोचली गेली. चाचण्यांबाहेर दिलेली फायझरची ती जगातली पहिली सुई. तो फोटो जगभर छापून आला. सुई टोचणाऱ्या नर्सबाई होत्या मे पार्सन्स; त्या मूळच्या फिलिपाइन्सच्या. त्या देशाच्या हजारो मुली अमेरिकेत, इंग्लंडात, अरबस्तानात परक्यांची शुश्रूषा करतात, जशा आपल्या केरळच्या मुली करतात. त्यांतल्या कितीतरी जणी स्वतः आया असतात. आपली मुले मायदेशी आजीजवळ ठेवून त्या दुसऱ्यांच्या आईवडिलांच्या उशाशी रात्र काढतात आणि पहाटे फोनवर मुलांचा आवाज ऐकतात. करोनाच्या काळात अमेरिकेत ज्या नर्सा मृत्यू पावल्या, त्यांत फिलिपिनो नर्सांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक होते. तो फोटो पाहताना मला त्यांच्या मुलांची आठवण झाली. समुद्रापलीकडे एखाद्या घरात एखादा मुलगा म्हणत असेल की, आई ही वाटून घेण्याची वस्तू नव्हे. त्याला मी काय सांगणार? त्याचे म्हणणे खरेच आहे. एवढेच सांगेन की, वाटून घेतलेली आई पुढे कमी पडत नाही. ती पुष्कळ घरांत शिल्लक राहते.

आणि आईने तो फोटो पाहिला असता तर तिने काय विचारले असते, हेही मला ठाऊक आहे. त्या लशीच्या दोन सुया घ्याव्या लागत; दुसरी तीन आठवड्यांनी. पहिल्या सुईचा फोटो जगभर गेला. आईने चष्मा पुसून विचारले असते, "आणि दुसरी द्यायला कोण गेले?"

ताईच्या घरी आईच्या चार वह्या आहेत. सरकारी नोंदवह्या तिने कचेरीत परत केल्या. या तिच्या स्वतःच्या, आठवणीसाठी ठेवलेल्या. पाठीमागच्या कोऱ्या बाजूंवरही बारीक अक्षरात लिहिलेल्या. त्यांत एकही उद्गारचिन्ह नाही, पावसाचा उल्लेख नाही, रात्र किती झाली याचा उल्लेख नाही. प्रत्येक बाळापुढे पाच-सहा शब्द आहेत. मी त्या चाळतो तेव्हा त्या बाळांचा विचार मनात येतो. ती बाळे आता साठीकडे झुकली असतील, कोणी आजोबा झाले असतील. सटवीने त्यांच्या कपाळांवर काय लिहिले ते कोणी वाचलेले नाही. त्याच पाचव्या दिवशी आईने लिहिलेले मात्र पानापानांवर वाचता येते: नाळ कोरडी. ताप नाही. बाळ अंगावर पिते.